वारा पडला की लागतो

सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. न्यू जर्सीच्या ताईने फॅमिली ग्रुपवर एक बातमी टाकली. एओएल ही अमेरिकन कंपनी ३० तारखेला आपली डायल-अप सेवा बंद करतेय, तब्बल चौतीस वर्षांनी. खाली तिने सात-आठ रडके चेहरे टाकले होते. मी ऑफिसात होतो. माझी रिॲक्शन काही फार हळवी वगैरे नव्हती. आयला, म्हणजे अजून चालू होतं?

शेजारच्या डेस्कवर आमची एक ट्रेनी बसते. तिला मोबाइलवर तो आवाज ऐकवला. टुणटुण, शिट्टी, खर्रर, टँव टँव.

‘सर, फॅक्स आहे ना हा?’

‘नाही गं. इंटरनेट आहे.’

‘पण मग ते ओरडतंय का?’

प्रश्न भारी होता. टेलिफोनची लाइन बांधली गेली माणसांच्या बोलण्यासाठी. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या मधलं जे काही असेल तेवढंच ती पुढे नेते. कॉम्प्युटरला त्या वाटेने जायचं तर त्यालाही आवाजच काढावा लागणार. मोडेमचं काम तेच. आधी डायल टोन, मग नंबर दाबल्याची टुणटुण, मग पलीकडून एक लांब शिट्टी. ती २१०० हर्ट्झची असते आणि ती मधल्या यंत्रांना सांगते की बाबांनो, आता इथे माणसं बोलणार नाहीयेत, तुमची ती इको दाबायची कारागिरी जरा बंद ठेवा. त्यानंतरची खरखर आणि सळसळ म्हणजे दोन मोडेम एकमेकांना विचारत असतात की लाइन कशी आहे, मी किती भरभर बोललो तर तुला नीट कळेल? जमलं की स्पीकर गप्प. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन चिमुकले मॉनिटर लुकलुकायला लागायचे. कनेक्टेड!

भारतात सर्वसामान्यांसाठी हे सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, तेही ९.६ केबीपीएसने. १९९८ मध्ये ५६ केबीपीएसचं स्टँडर्ड आलं. डब्यावर ५६ लिहिलेलं असायचं, प्रत्यक्षात ४० च्या वर लागलं की लोक ऑफिसात येऊन सांगायचे.

ट्रेनीला एवढं सांगून मी कामाला लागलो. पण तो आवाज दिवसभर डोक्यात राहिला. कारण त्या आवाजावरून मी एकदा अण्णांशी भांडलोय. आणि चूक शंभर टक्के माझी होती.

साल २००४. मी पुण्यात नोकरीला होतो. आणि नोकरी काय, तर अमेरिकेतल्या डायल-अप ग्राहकांना फोनवर मदत करायची! रात्री साडेआठला कॅब, पहाटे साडेपाचला परत. हेडफोन लावायचा, नाव बदलायचं (मी ‘सॅम’ होतो) आणि ओहायोमधल्या एखाद्या आजीबाईंना सांगायचं, मॅम, नो प्रॉब्लेम, टेक युवर टाइम. आजीबाई मांजराला शोधायला गेल्या तरी मी लाइनवर थांबायचो. समोर एक स्क्रिप्ट असायचं. पहिली पायरी, सगळं बंद करून चालू करा. दुसरी, वायर भिंतीच्या सॉकेटला नीट बसलीय का बघा. तिसरी, पासवर्ड टाइप करताना कॅप्स लॉक चालू नाही ना? चौथी, टेलिफोनचा रिसीव्हर उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि मग ऐका. लाइनवर खरखर येतेय का? पाचवी, ड्रायव्हर काढून परत टाका.

चौथी पायरी लक्षात ठेवा.

त्याच वर्षी मी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना गावाला पाठवला. पेंटियम थ्री, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८, आत बसवलेला मोडेम. गाव म्हणजे निमगाव केतकी, बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं. आमच्या गावाच्या दोन ओळखी, विड्याच्या पानांचे मळे आणि तुकोबांच्या पालखीचा मुक्काम. आमचं घर मळ्यात, गावापासून थोडं बाजूला. रस्त्याच्या खांबावरून टेलिफोनची वायर मळ्यावरून येऊन घरात शिरते. म्हणजे तेव्हा शिरायची.

जुना कॉम्प्युटर गावाला पाठवण्यामागे माझं काही उदात्त धोरण नव्हतं. फ्लॅटमध्ये जागा नव्हती. पण ताईला मुलगी होणार होती, आणि आयएसडीच्या भीतीने आईचं अर्धं बोलणं घशातच राहायचं. ईमेल बरा, असं ठरलं. मी एका रविवारी जाऊन सगळं लावून दिलं. अण्णांना डबल क्लिक शिकवलं. (तुमच्यापैकी ज्यांनी वडिलांना डबल क्लिक शिकवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.) आणि त्या मोडेमचा किंचाळा सहन होईना म्हणून जाताना त्याचा आवाज बंद करून टाकला.

‘आवाज कशाला घालवलास?’ अण्णा म्हणाले.

‘उगाच कटकट, अण्णा. त्याचा काही उपयोग नसतो.’

‘आरं पण त्याचं काय चाललंय ते कळणार कसं?’

मी हसलो आणि गाडी पकडली.

मुलगी झाली. पालखी गावातून इंदापूरकडे गेली आणि दोन-तीन दिवसांत ताईचा मेल आला. दाजींनी नवा डिजिटल कॅमेरा घेतलेला, त्यातले दोन फोटो, मिळून दीड एमबी. आज तुम्ही गुड मॉर्निंगचं फूल पाठवता ते याहून जड असेल. पण हिशेब करा. मेलमधून जाताना फाइल एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे झाले दोन एमबी. आमच्या लाइनवर २८.८ चा वेग मिळायचा, म्हणजे सेकंदाला तीन-साडेतीन केबी. दहा-बारा मिनिटं लाइन टिकली पाहिजे. आमची टिकायची पाच, फार तर सात. आणि त्या काळच्या मेलचा खाक्या असा की मध्येच लाइन तुटली तर परत पहिल्यापासून. नव्वद टक्क्यांवर तुटो नाहीतर दहावर, उतरलेलं सगळं वाया. आई रोज संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसायची. ती निळी पट्टी निम्म्यापर्यंत जायची. मग गचका.

अण्णांचे फोन सुरू झाले.

आता यातली गंमत बघा. घरात टेलिफोनची लाइन एकच. अण्णा माझ्याशी बोलत असताना नेट लावता येत नाही, आणि नेट लावला की माझ्याशी बोलता येत नाही. मग मी सांगायचो, अण्णा, आता फोन ठेवा, डायल करा, काय एरर येतो तो लिहून घ्या आणि मला परत लावा. दहा मिनिटांनी फोन.

‘६७८ म्हणतोय.’

‘पलीकडून उचलत नाहीये. परत करा.’

परत दहा मिनिटं. ‘आता ६८०.’

‘डायल टोन मिळत नाहीये. वायर बघा.’

‘६९१.’

‘पासवर्ड चुकला अण्णा!’

माझा रूम पार्टनर म्हणाला, तुझे वडील मटक्याचे आकडे सांगतायत का रे?

हे दोन आठवडे चाललं. मी रात्रभर अमेरिकनांचे मोडेम जोडायचो आणि दिवसा झोपमोड करून अण्णांचा. एके दिवशी अण्णा म्हणाले, ‘मी त्याचा आवाज परत आणलाय. शेजारच्या नववीतल्या पोरानं करून दिला. ऐक, पहिली शिट्टी साफ येती. नंतरची सळसळ मधीच तुटती, अन् तो परत पहिल्यापासून गायला लागतो. आपल्या लाइनीतच काहीतरी हाय बघ. अन् वारा सुटला की जास्त होतंय.’

आणि मी, सॅम, ज्याने आजीबाईंच्या मांजरासाठी वीस मिनिटं थांबलेलं आहे, मी काय म्हणालो?

‘अण्णा, वाऱ्याचा काय संबंध? तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. उगाच हात लावू नका, मी येऊन ड्रायव्हर टाकतो.’

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, ‘बरं.’ आणि फोन ठेवला.

त्यानंतर आठ दिवस फोन नाही. आधी बरं वाटलं, झोप मिळाली. चौथ्या दिवशी खटकायला लागलं. सहाव्या दिवशी मी लावला तर आई बोलली. अण्णा मळ्यात आहेत म्हणाली. सकाळी लावला तरी मळ्यात, रात्री लावला तरी मळ्यात. रात्री नऊला कोण पानं खुडतं?

शनिवारी स्वारगेटहून बारामतीची एसटी पकडली. तिथून इंदापूरची. बॅगेत ड्रायव्हरच्या तीन सीडी, नवी टेलिफोन वायर, एक स्क्रू ड्रायव्हर. घरी पोचलो तर संध्याकाळ झालेली, वारा असा की अंगणातलं काही जागेवर राहीना. आमचा भाग पावसाचा नाही, पण आषाढातला वारा विचारू नका. अण्णा ओट्यावर पानांचे डप्पे बांधत बसले होते. ‘आलास का,’ म्हणाले, आणि परत डप्प्यांकडे वळले.

मी चहाही न घेता कॉम्प्युटरला भिडलो. जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला. रिस्टार्ट. एरर ६३०, म्हणजे मोडेम प्रतिसादच देत नाही. म्हणजे आधी निदान गचके खात लागत तरी होता, आता तेही नाही! आई दारातून बघत होती. ‘झालं का रे?’ तिने तीनदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं नाही. दुसरी सीडी. तिसरी सीडी. मधे एक तास लोडशेडिंग. अकरा वाजता शेवटी जुनाच ड्रायव्हर परत टाकून मी होतो तिथे परत आलो, म्हणजे पाच मिनिटांच्या लाइनवर.

अण्णा इतका वेळ काही बोलले नव्हते. कोनाड्यातून एक वही काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. त्यांची पानांच्या हिशेबाची वही. मागच्या पानांवर रकाने आखलेले. तारीख, किती वाजता लावला, किती मिनिटं टिकला, आकडा काय आला. आणि शेवटचा रकाना, ‘वारा’. त्यात थोडा, लई, नाही, असं लिहिलेलं. पंधरा-सोळा दिवसांच्या नोंदी. मी झोपमोड झाली म्हणून वैतागत होतो तेव्हा हा माणूस रोज चार-चारदा ही वही भरत होता.

तुमच्याकडे एखादा प्रॉब्लेम येतो तेव्हा हे असं कुणी हातात दिलं तर तुम्ही त्याच्या पाया पडाल. ओहायोतून असं काही आलं असतं तर मी फ्लोअरवर सगळ्यांना दाखवलं असतं. वहीत स्पष्ट दिसत होतं. ‘लई’ असेल तिथे दोन-तीन मिनिटं. ‘थोडा’ तिथे सहा-सात. आणि ‘नाही’ फक्त एकदाच, पहाटे, पाणी द्यायला उठले होते तेव्हा. त्या दिवशी नऊ मिनिटं टिकला होता. मग लाइट गेली, असं कंसात.

मी रिसीव्हर उचलला, एक आकडा दाबला आणि कानाला लावला. चौथी पायरी. डायल टोन थांबला, आणि मग बाहेर वाऱ्याचा झोत आला की कानात खर्र, गेला की साफ. झोत, खर्र. साफ. एखाद्या गाढवाला कळावं इतकं उघड. हाच प्रश्न मी रात्री तीस-तीस जणांना विचारायचो. अण्णांना विचारला नव्हता, आणि त्यांनी न विचारता सांगितलं तर ऐकला नव्हता.

बोलताना ही खरखर आपल्याला जाणवतसुद्धा नाही. निम्मा शब्द गेला तरी माणूस उरलेल्यावरून ओळखतो, हॅलो हॅलो करतो, पुढे जातो. मोडेमचं तसं नाही. एखाद-दोन सेकंद पलीकडचा सूर ऐकू आला नाही की तो समजतो, गेला हा, आणि फोन ठेवून देतो.

‘आता झोप,’ अण्णा म्हणाले. ‘साडेतीनला वारा पडतो. उठवतो तुला.’

झोपण्याआधी मी एवढं केलं की मोडेमच्या सेटिंगमध्ये, ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’ म्हणून एक रिकामी चौकट असते तिथे, एस१०=१०० असं टाकलं. म्हणजे सूर हरवला तर लगेच ठेवू नकोस, दहा सेकंद वाट बघ. हा उपाय मला आधीपासून माहीत होता. आठ दिवसांपूर्वी फोनवर सांगता आला असता.

साडेतीनला अण्णांनी पायाला हात लावून उठवलं. बाहेर खरंच काही हलत नव्हतं. आईला उठवावं लागलं नाही, ती खुर्चीवर बसलेलीच होती, डोक्यावर पदर, जणू कुणी पाहुणे यायचे होते. अण्णा म्हणाले, तू सरक, मी लावतो. त्यांनी डायल केलं आणि मान तिरकी करून ऐकत बसले. विहिरीवरची मोटर कोरडी चालली की त्यांना घरात बसून कळायचं, तशीच मान. शिट्टी. खर्रर. टँव टँव. सळसळ सुरू झाली, चालू राहिली, आणि थांबली.

‘लागला,’ ते म्हणाले. स्क्रीनवर नंतर आलं. ३१,२००.

ती दहा मिनिटं कुणी बोललं नाही. पट्टी निम्म्यावर आली. पुढे गेली. तीन चतुर्थांशावर जरा अडकली तेव्हा आईने माझा दंड धरला. मग गेली. मेल उघडला, फोटो वरून खाली सरकत आला. आधी पांढरी टोपी, मग मिटलेले डोळे, मग एक मूठ. गाल लाल लाल. आई स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

‘नाक बघा. नाक तुमचंच हाय.’

अण्णा म्हणाले, ‘माझं कुठं एवढं बारीक हाय?’ आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

मी तिथल्या तिथे ताईला रोमन लिपीत दोन शब्द पाठवले, ‘फोटो मिळाला’. तिच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा वाजलेले. आम्ही नेट बंद केला आणि अर्ध्या मिनिटात फोन वाजला. आयएसडी असून ती पंचवीस मिनिटं बोलली. मला एक शब्द बोलायला मिळाला नाही.

सकाळी शिडी घेऊन मळ्यात गेलो. पानवेलींना आधाराला शेवरी लावतात, आणि शेवरी वाढते भराभर. वायरीच्या मार्गात तीन-चार झाडं तिच्या वर गेलेली. एका ठिकाणी वायरीला जुना जोड होता, नुसता पिळलेला, वर टेप, आणि बरोबर त्याच्यावर एक फांदी टेकलेली. वारा आला की फांदी जोड घासायची, पिळलेल्या तारा क्षणभर सुटायच्या, परत टेकायच्या. टेप झिजून तांबं दिसत होतं. अण्णांनी कोयत्याने फांद्या उतरवल्या. लाइनमन काका मंगळवारी आले, जोड कापून वायरीचा तेवढा तुकडा नवा टाकला आणि चहा घेताना म्हणाले, ‘अण्णा, तुम्ही लाइनीतच दोष हाय म्हणून सांगितलं ते बरं केलं, नायतर लोकं कॉम्प्युटर खोलत बसत्यात.’

अण्णा माझ्याकडे बघणार नाहीत याची मला खात्री होती. नाहीच बघितलं. पण मिशीत हसले.

मी माफी मागितली का? नाही, आमच्यात तसं शब्दांत काही होत नाही. रविवारी परत निघताना मी विचारलं, अण्णा, आवाज चालू ठेवू का? म्हणाले, ‘असू दे.’ पुढच्या महिन्यात त्यांनी फोन केला तेव्हा मी आधी विचारलं, ऐकायला कसं येतंय? त्यावर ते सलग दहा मिनिटं बोलले. ओहायोच्या आजींनंतर एवढा वेळ मी कुणाचं ऐकलं नसेल.

त्या फोटोतल्या मुठीची मालकीण आज कॉलेज संपवतेय. एओएलची बातमी आली त्या आठवड्यात मी गावी गेलो होतो. घरात आता फायबर आहे. अण्णा पलंगावर पडून तिच्याशी व्हिडिओ कॉल करतात, आणि नेट अडकलं की अजूनही आधी खिडकीतून शेवरीकडे बघतात. वही कुठे आहे म्हणून विचारलं तर आईने ट्रंकेतून काढून दिली. शेवटून चौथं पान. तारीख, ३ वाजून ४० मिनिटं, ‘२६ मिनिटं’, आकड्याच्या रकान्यात रेघ. ‘वारा’ या रकान्यात लिहिलंय, ‘नाही. नात आली.’ त्याच्याखाली त्या दिवशीच्या पानांचा हिशेब.